इंजिन पाहावं बदलून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले पूर्वज सांगून गेले. त्या पूर्वजांचे दाजी अमेरिकेत नव्हते आणि त्या दाजींकडे १९७५ सालची कॉर्व्हेट नव्हती, म्हणून म्हण दोन कलमांवरच थांबली. नाहीतर 'इंजिन पाहावं बदलून' हे तिसरं कलम तीत नक्की आलं असतं.

मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. आहे. मोटारीचा आणि माझा संबंध म्हणाल तर आमच्या वडिलांची सेकंडहँड पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, हॉर्सपॉवर सुमारे चाळीस. त्यातले दहाएक घोडे कायम वैद्यकीय रजेवर. सांगलीच्या उन्हात ही गाडी पाणी प्यायल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसे, आणि तिला रोज सकाळी पाणी पाजण्याचं खातं माझ्याकडे होतं. वर्षानुवर्षं तांब्यानं पाणी ओतून ओतून 'रेडिएटर' या विषयात आपला अधिकार आहे, असा माझा समज झाला. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ हा समज.

२०२२ च्या ऑक्टोबरात ताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. तिनं तिकीट पाठवलं आणि मी मिशिगनला जाऊन पोचलो. दाजी डेट्रॉइटजवळ एका कारखान्यात इंजिनीअर. मूळचे मिरजेचे. स्वभावानं इतके अबोल की पंचवीस वर्षांत ताईशी त्यांचं एकही भांडण झालेलं नाही. भांडण व्हायला निदान दोन माणसं बोलावी लागतात. पण गॅरेजचं दार वर गेलं आणि गाडीवरचं कव्हर निघालं की या माणसाला वाचा फुटते.

गाडी लालभडक. लांब नाक, मागे चिमुकली बैठक. माणसं दोन बसतात, तीही पाटावर बसल्यासारखी. "मेव्हणे, ही बॉडी लोखंडाची नाही, फायबरग्लासची," दाजी सांगू लागले. "१९५३ साली पहिल्या तीनशे गाड्या इथंच मिशिगनमध्ये, फ्लिंट गावी झाल्या. सगळ्या पांढऱ्या. हिचं इंजिन साडेतीनशे घनइंच. पाच पूर्णांक सात दशांश लिटर."

मी मनातल्या मनात भागाकार केला. "म्हणजे आपल्या पाच पद्मिन्या एकीत! मग हॉर्सपॉवर?"

"एकशे पासष्ट."

पाच पद्मिन्यांचे दोनशे होतात. मी पुन्हा हिशेब केला, तरी पस्तीस घोडे कमीच पडत होते. मग दाजींनी समजावलं, की १९७५ च्या सुमारास तिकडे धुराचे नियम कडक झाले, धूर शुद्ध करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, इंजिनांचं कॉम्प्रेशन आधीच उतरवलेलं होतं. म्हणून इंजिन अवाढव्य, पण ताकद बेताची.

"नियम फार झाले की काम निघत नाही," दाजी म्हणाले.

"आमच्या हेड ऑफिससारखं," मी म्हणालो. परदेशात हेड ऑफिसबद्दल मोकळेपणानं बोलता येतं.

मग दाजींनी विजेरी आणली, मला बॉनेटखाली वाकवलं आणि इंजिनाच्या पुढच्या अंगाला, उजव्या हेडच्या पुढ्यात असलेली एक सपाट पट्टी दाखवली. तीवर आकडे ठोकलेले होते. गाडीच्या नंबरातले शेवटचे आकडे आणि हे आकडे एकच. म्हणजे कारखान्यात जन्मताना जे इंजिन बसवलं तेच आजही गाडीत आहे. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत याला 'नंबर्स मॅचिंग' म्हणतात आणि अशा गाडीला मान मोठा. मला तर भरूनच आलं. वीस वर्षं मी चेकवरची सही आणि कार्डावरची सही ताडून पाहतोय. पण त्या जुळल्या म्हणून कुणी विजेरी घेऊन पाहायला आलेलं नाही.

दाजींनी लहानपणी मिरजेला शाळेच्या वाटेवरच्या एका गॅरेजात कॅलेंडरवर ही गाडी पाहिली होती. वर्ष संपलं, पण गॅरेजवाल्यानं कॅलेंडर काढलं नाही आणि दाजींच्या डोक्यातूनही ते उतरलं नाही. पुढं अमेरिकेत आल्यावर घराचं कर्ज पुरतं फेडून, मगच त्यांनी गाडी घेतली. बँकवाला म्हणून सांगतो, प्रेम करावं तर असं.

आता माझी कर्तबगारी ऐका. ताई आणि दाजी दोघंही कामावर गेलेले. घरात मी एकटा. पाहुण्यानं नुसतं बसून खाऊ नये, काहीतरी उपयोगी पडावं, असं आमच्या आईनं शिकवलेलं. गॅरेजात गेलो, बॉनेट उघडलं, नंबराचं पुन्हा एकदा दर्शन घेतलं आणि सवयीनं रेडिएटरचं झाकण काढलं. आत पाहतो तो हिरवंगार पाणी! शेवाळ! एवढा मोठा इंजिनीअर, पण गाडीत शेवाळलेलं पाणी ठेवतो! मी किल्ली शोधली, खालची तोटी सोडली, पहिलं हिरवं पाणी एका बादलीत धरलं. मग इंजिन चालू करून, वरून नळी लावून, पद्मिनीच्या शास्त्राप्रमाणे खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन काढलं. आणि नळाचं निर्मळ पाणी काठोकाठ भरून ठेवलं. ती बादली कुठं ओतावी हे मात्र कळेना. तिकडे कचऱ्याचेही प्रकार असतात. चुकीच्या डब्यात पडलं तर पंचाईत. म्हणून बादलीला झाकण लावून कोपऱ्यात सरकवली. ताईला विचारू म्हटलं आणि विसरलो.

ते शेवाळ नव्हतं. ते अँटिफ्रीझ होतं. पाण्यात निम्म्यानं मिसळलं की ते शून्याखाली सदतीस अंशांपर्यंत गोठत नाही. विषारी असतं, वाटेल तिथं सांडू नये, हेही ज्ञान नंतरचंच.

त्याच साली नाताळात अमेरिकेत थंडीची मोठी लाट आली. मी सांगलीत स्वेटर घालून टीव्हीवर बर्फ पाहत होतो आणि 'काय मजा आहे' म्हणत होतो. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. मुदत ठेवीवर नऊ टक्के मिळाले तर माणूस नाचेल. इंजिनाच्या आत मिळाले की ओतीव लोखंड फुटतं.

एप्रिलात एका सकाळी साडेसहाला फोन. तिकडे रात्रीचे नऊ. "मेव्हणे, इंजिन गेलं," दाजी म्हणाले. ऑइल पाहायची पट्टी बाहेर काढली, तर तीवर दूध घातलेल्या चहासारखा रंग. ब्लॉकला आतून तडा जाऊन पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. "कूलंट जुना झाला असणार. चूक माझी. बदलायला हवा होता."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. जी रक्कम कुणाच्या नावे टाकायची हे ठरत नाही, ती तिथं ठेवतात. मी खरी गोष्ट त्या खात्यात टाकली. 'उद्या सांगू' या शेऱ्यासह.

"तुम्ही आकडेमोडीतले," दाजी पुढं म्हणाले. "नवं इंजिन निवडायचंय. जरा तक्ता मांडून द्या."

अपराध्यालाच पंचनामा लिहायला दिल्यासारखं झालं. पण मी लेजरचा कोरा कागद घेतला आणि रकाने आखले.

पहिला रकाना: जुनंच दुरुस्त करणं. ओतीव लोखंडाचा तडा लोखंडी पिना मारून शिवता येतो. पण तिकडच्या लेथवाल्यानं हा तडा पाहून मान हलवली. शिवीन म्हणाला, भरवसा देणार नाही म्हणाला.

दुसरा रकाना: कारखान्यात उघडून नव्यासारखं केलेलं जुनं इंजिन. स्वस्त. पण यात आपलं जुनं इंजिन परत देण्याची हमी म्हणून डिपॉझिट घेतात. 'कोअर चार्ज' म्हणतात. ब्लॉक फुटका असेल तर डिपॉझिट बुडण्याचीच शक्यता जास्त. आणि धड असता तरी तो नंबर गेलाच की हातचा!

तिसरा रकाना मला एका जाणकारानं सुचवला, असं दाजी म्हणाले. त्याच जातीचा जुना ब्लॉक भंगारातून आणायचा, त्यावरचे आकडे घासून काढायचे आणि आपले ठोकायचे. मी खुर्चीतून उडालो. "दाजी, ही खोटी सही झाली!" "मीही त्याला हेच सांगितलं," दाजी म्हणाले. हा रकाना मी लाल शाईनं खोडला.

चौथा रकाना: क्रेट इंजिन. आपल्याकडे हापूस पेटीतून येतो तसं तिकडे कोरं करकरीत इंजिन खोक्यातून घरपोच येतं. आणि त्यात जाती किती! साडेतीनशे घनइंचाचीच साधी, मधली, आणि थेट ४०५ घोड्यांची झेडझेड६. त्यावर एलएस३, ब्लॉक ॲल्युमिनियमचा, सहा पूर्णांक दोन लिटर, ४३० घोडे. त्याची किंमत रुपयांत मांडली आणि खिडकीतून आमच्या मारुतीकडे पाहिलं. तिनं नजर खाली वळवल्यासारखी वाटली.

आता माझ्या मनात अपराध, त्यामुळे हात सैल. मी एलएस३ची जोरदार शिफारस केली. दाजी म्हणाले, "मेव्हणे, कर्ज मंजूर करतानाही तुम्ही असेच का?" मग त्यांनी पाढाच वाचला. एलएस३ घेतलं की त्याला कॉम्प्युटर हवा, वायरिंग हवं, जास्त दाबाचा पेट्रोल पंप हवा, बसवायला निराळ्या बैठका हव्यात. आणि मागचा डिफरन्शियल, तोही बिचारा १६५ घोड्यांच्या पगारावर संसार करणारा. त्याला एकदम ४३० कसे झेपणार? इंजिन एकटं येत नाही. सुनेसारखं येतं, आणि मग घरातली भांडी, पडदे, सासू, सगळं बदलावं लागतं.

मग झेडझेड६ घ्यावं म्हटलं, तर प्रश्न उंचीचा. या गाडीचं बॉनेट चपटं. वर उंच मॅनिफोल्ड आणि एअर फिल्टर आला तर बॉनेट लागेल का? त्याची तिकडे एक खास पद्धत आहे. फिल्टरवर मऊ मातीचा गोळा ठेवायचा, बॉनेट हलकेच लावायचं, उघडायचं आणि गोळा किती चेपला ते मोजायचं. दाजींनी आधी जुन्या इंजिनावर मोकळी जागा किती ते पाहायचं ठरवलं. माती नव्हती. ताईची कणीक मळून ठेवलेली होती. गोळा जो चेपला, त्याची पोळी लाटायचीही गरज उरली नाही. त्या रात्री दोघांनी भात खाल्ला. झेडझेड६ पुढं 'जागा नाही' असा शेरा पडला.

उरलं साधं साडेतीनशे. त्यातही एक मेख निघाली. या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील १९८५ पर्यंत दोन तुकड्यांचं असे. १९८६ पासून ते अखंड झालं. नव्या इंजिनाचं अखंड. म्हणून जुनी फ्लेक्सप्लेट चालत नाही, बोल्टांची भोकं जुळत नाहीत, तोलही निराळा. ती नवी घ्यावी लागली. बाकी कार्बोरेटर, वरची झाकणं, पट्टे, कप्प्या सगळं जुन्यावरून काढून नव्यावर चढवायचं ठरलं. बॉनेट उघडलं तर चेहरा तोच दिसेल. आणि कोऱ्या इंजिनाला जुनं परत मागत नाहीत, म्हणून फुटका ब्लॉक घरातच राहील.

"पण दाजी, नंबर?" मी खालच्या आवाजात विचारलं.

दाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कॅलेंडरावर नंबर कुठं दिसत होता, मेव्हणे? मला तेव्हा फक्त आत बसायचं होतं."

जून महिन्यात पुन्हा सकाळी साडेसहाला फोन. या वेळी चित्रासह. दाजींनी किल्ली फिरवली आणि आठ सिलिंडरांचा तो खर्ज आमच्या सांगलीच्या स्वयंपाकघरात घुमला. बायकोनं मिक्सर बंद केला. ताई शेजारच्या सीटवर, डोक्याला रुमाल बांधून. मला आता राहवेना. "दाजी," मी म्हणालो, "एक सांगायचं होतं."

"थांबा, आधी मी दाखवतो," म्हणत ते उतरले आणि फोन गॅरेजभर फिरवला. एका लोखंडी घोडीवर जुना ब्लॉक, पुसून तेल लावलेला, नंबराची पट्टी पुढं. आणि त्याच्या शेजारी झाकण लावलेली एक बादली.

"ओळखता?" दाजींनी झाकण काढलं. आत हिरवंगार पाणी. "हिवाळाभर इथंच होती. गाडीतलं गोठलं, हिच्यातलं नाही."

"कधी कळलं तुम्हाला?"

"एप्रिलात. पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तक्ता इतका मनापासून करत होता," दाजी म्हणाले. "म्हटलं, पुरा तरी होऊ दे."

मी म्हणालो, इंजिनाचे पैसे मी देणार. दाजी म्हणाले, द्या; हप्त्यानं द्या. दर दिवाळीला पाच किलो सांगलीचं भडंग. मी तिथल्या तिथं हिशेब केला. व्याज धरलं नाही, तरी मी १३२ वर्षांचा होईपर्यंत मुद्दल फिटत नाही. पहिला हप्ता त्याच दिवाळीला रवाना केला. पोचपावती म्हणून ताईचं पत्र आलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, 'भडंग छान होतं. पुन्हा नक्की ये. मात्र आईनं शिकवलेलं सगळं इथं करायला हवंच असं नाही. तू नुसता बसून खाल्लंस तरी आम्हाला चालेल.'