डिंगलची मैफल

आयर्लंडच्या नैऋत्येला समुद्रात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूभागावर डिंगल हे मासेमारीचे छोटे गाव आहे. लेकीच्या कॉर्कमधल्या घरापासून मोटारीने सुमारे अडीच तास. हा आयरिश भाषेचा मुलूख. सीमाभागात आयुष्य गेलेल्या माझी नजर आधी पाट्यांवर गेली! २००५ मध्ये सरकारी आदेशाने ‘डिंगल’ हे इंग्रजी नाव अधिकृत वापरातून गेले होते. २००६ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून आयरिश आणि इंग्रजी, दोन्ही नावे मागितली. २०११ च्या कायद्याने ती मिळाली.

संध्याकाळी जावई म्हणाले, ‘‘आई, इथले पब वेगळे असतात, बघा तरी.’’ खरेच होते. एका पबात एका बाजूला चामड्याच्या कामाचे काउंटर, तर दुसऱ्यात चक्क खिळे-हातोड्यांचे दुकान! आम्ही बसलो तिथे कोपऱ्यात चार स्थानिक वादक होते. ना मंच, ना माइक. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. शेजारी बटणांचे अकॉर्डियन. बौरॉन हा बकऱ्याच्या कातड्याचा, आखूड दांडीने वाजवायचा, आपल्या डफाचा भाऊबंद. चौथी बुझुकी. आपली पेटी जशी युरोपातून येऊन भजनात रमली, तशी ही १९६० च्या दशकात ग्रीसमधून येऊन इथलीच झाली.

बाहेरचे लोक या संगीताला ‘केल्टिक’ म्हणतात, वादक नुसते ‘ट्रॅड’. सगळे एकच धून वाजवतात, दोन-तीनदा, आणि न थांबता पुढचीत शिरतात. जिग सुरू झाली आणि माझी बोटे टेबलावर चालू लागली. तीन-तीनचे दोन भाग, अगदी आपला दादरा! मग रील आली, ती केरव्याच्या चालीची.

मध्येच एका वृद्धाने वाद्यांशिवाय आयरिश गाणे म्हटले. या गायकीला ‘शान-नोस’, म्हणजे जुनी रीत, म्हणतात. सारा पब गप्प झाला. १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. पोट इंग्रजीवर भरते म्हणून आई-बापांनी मुलांशी आयरिश बोलणे सोडले. ही भाषा घरांतून गेली ती अशी.

गाणे संपल्यावर अकॉर्डियनवाल्याने शेजारच्या मुलीला आयरिशमध्ये काही विचारले. तिने आयरिशमध्येच उत्तर दिले आणि वळून माझ्या नातवाशी इंग्रजीत बोलू लागली. लेक ते पाहत होती. तिचे माहेर मराठी, सासर धारवाडचे कन्नड. पण शाळेत मागे पडेल या भीतीने सात वर्षांच्या पोराशी दोघेही इंग्रजीतच बोलतात. मी त्याच्याशी खुणांनी आणि लाडवांनी बोलते. यावरून आमचे एकदा वाजलेही होते. त्या रात्री मी काही बोलले नाही.

परतताना नातू पुढच्या सीटवर जिगचा ताल धरत होता. मी म्हटले, ‘‘धा धी ना, धा ती ना.’’ त्याने म्हणून दाखवले. घर येईपर्यंत ठेका पाठ!

गाडीतून उतरताना लेक हळूच म्हणाली, ‘‘आई, उद्यापासून त्याच्याशी मराठीतच बोल, कळो न कळो. आणि धारवाडच्या अज्जांनाही सांगते, फोनवर कन्नडच बोला म्हणून.’’

माझ्या परतीला अकरा दिवस उरले होते.