दुधाच्या कॅलेंडरावर सापडलेला आजार

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरकुशीत. जमीन हलकी, पाण्याची कायमची ओढ. दसरा झाला की अर्धं गाव कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतं. आम्ही नवरा-बायकोनंही १८ हंगाम ऊस तोडला. उचल फेडता फेडता कंबर गेली. पण थोरल्या लेकराच्या हाती कोयता द्यायचा नाही, एवढं मनाशी धरलं होतं. तो बारावी झाला, एमएस-सीआयटी केलं. मग २०२१ साली दोन म्हशींतली एक विकून आम्ही त्याला अंबाजोगाईहून जुना कॉम्प्युटर आणून दिला. पिठाच्या गिरणीला लागून पत्र्याची खोली भाड्यानं घेतली आणि सातबारा, अर्ज, झेरॉक्स असं त्याचं केंद्र सुरू झालं.

दोन वर्षं बरी गेली. २०२३ च्या मे महिन्यात मशीन अडायला लागलं. चालता चालता पडदा जागच्या जागी थिजायचा. बाण हलेना, अक्षर उमटेना. आत पंखा मात्र घरघरत असायचा. पोरं म्हणायची, 'हँग झालं.' बटण दाबून बंद करावं, परत सुरू करावं. कधी दिवसभर चालायचं, कधी पाच मिनिटांत पुन्हा तेच. बैल बसला तर अंगावरून हात फिरवून दुखणं कळतं. या डब्याला विचारायचं तरी कसं?

तालुक्याला नेलं. दुरुस्तीवाल्यानं विंडोज नव्यानं टाकली, ५०० रुपये घेतले. आठ दिवसांत पुन्हा तीच गत. पुन्हा टाकली, पुन्हा ५००.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पेरण्या जुलैपर्यंत लांबल्या. त्याच महिन्यात पीक विम्याचे अर्ज सुरू झाले. शेतकऱ्यानं फक्त १ रुपया भरायचा, असं ते पहिलंच वर्ष होतं. (ही सोय २०२५ च्या खरिपापासून राहिली नाही.) खोलीपुढं रांग लागली आणि मशीन नेमकं अर्धा अर्ज भरला की थिजायचं. आमच्या शेजारच्या काकू एकट्याच. दोन एकर सोयाबीन, त्यावरच वर्ष काढायचं. त्या तीनदा आल्या आणि तीनदा अर्ज अर्धा राहून माघारी गेल्या. लोक तोंडावर बोलायला लागले, "पोराला काही येत नाही, उगीच दुकान मांडलंय."

एका रात्री हे म्हणाले, "विकून टाका ते डबडं. दसऱ्याला मुकादम येईलच." लेकरू ताटावरून उठून गेलं. मलाही घास गिळेना.

मला आठवली आमची म्हैस. मागं तिचं दूध एकाएकी तुटलं, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी औषधाआधी विचारलं, "कधीपासून? सकाळचं कमी की संध्याकाळचं? वैरण काय बदलली?" मी डेअरीचं दूध रोज कॅलेंडरावर लिहिते, किती लिटर आणि फॅट किती. ते कॅलेंडर दाखवलं आणि कारण तिथंच सापडलं. मी लेकराला विचारलं, "बाळा, हे मशीन अडतं कधी?"

"कधीपण अडतंय, माय. त्याला काही नेमच नाही."

"नेम नाही, की आपण बघितला नाही?"

दुसऱ्या दिवसापासून त्याच कॅलेंडरावर मशीनचंही लिहायला लागले. किती वाजता थिजलं, त्या वेळी काय काम चालू होतं, गिरणी चालू होती का, हवा कशी होती. दुपारची मी तिथंच धान्य निवडत बसायची.

पहिली गोष्ट अशी ठरली की प्रत्येक थांबणं हा मशीनचा दोष धरायचा नाही. विम्याचं संकेतस्थळ गर्दीनं अडलं तरी पडदा तसाच दिसतो. लेकरानं खूण काढली. कीबोर्डावर नम लॉकचं बटण असतं, ते दाबलं की त्याचा बारीक दिवा लागतो-विझतो. दिवा हलला तर मशीन जागं आहे, अडचण बाहेर. दिवाही हलत नसेल तर मशीनच गोठलं. अशी खरी गोठलेली वेळ तेवढीच लिहायची.

चौदा दिवसांत ११ खुणा झाल्या. आमचा पहिला संशय गिरणीवर होता. तिची मोटार सुरू झाली की आमचा दिवा मिणमिणायचा. पण कॅलेंडर बघितलं तर निम्म्याहून जास्त वेळा गिरणी बंद होती. म्हणून तिला सोडून दिलं.

दुसरी गोष्ट दिसली. ११ पैकी ८ खुणा दुपारी १२ ते ४ मधल्या, पत्रा तापलेला असतानाच्या. लेकरानं डब्याचं बाजूचं झाकण काढलं आणि टेबलफॅन समोर लावला. दोन दुपारी मशीन एकदाही थांबलं नाही. म्हणजे उष्णतेचा आजार!

उरलेल्या तीन खुणा सकाळच्या, मशीन सुरू केल्याबरोबरच्या. सकाळी कुठली आली उष्णता? मी कॅलेंडर निरखून बघितलं आणि मलाच कसंतरी झालं. त्या तिन्ही दिवशी दुधापुढं 'उशीर' लिहिलं होतं. रात्री जागून काम केलं म्हणून लेकराला झोपू द्यायचं आणि डेअरीला जायच्या आधी मी खोली झाडायची, तेच हे दिवस. झाडताना तो डबा मी फरफटत पुढं ओढायची. तीन वेळा अडवणारी मीच होते.

२७ जुलैला लेकराचा कोर्समधला मित्र आला. आधी वायर काढली, मग डबा उघडला. आत पंख्याखाली ॲल्युमिनियमची कंगव्यासारखी जाळी असते. मुख्य चिपची उष्णता त्या जाळीत उतरते आणि पंखा ती बाहेर फेकतो. ती जाळी पिठानं लिंपून गेली होती. ज्या गिरणीला आम्ही निर्दोष म्हणून सोडलं, ती मागच्या दारानं आत येऊन बसली होती! चिप आणि जाळी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेली असते, तीही वाळून चुन्यासारखी झालेली. ब्रशनं पीठ काढलं, जुनी पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली.

मग सकाळचा आजार. रॅमची पट्टी खाचेत एका बाजूनं सैल होती. धक्का लागला की तिचा सांधा सुटायचा. मित्रानं तिचे सोनेरी दाते शाळकरी खोडरबरानं हलक्या हातानं पुसले आणि दोन्ही बाजूंचे चाप 'खट्' वाजेपर्यंत पट्टी दाबून बसवली. खर्च झाला तो पेस्टच्या पुडीचा. विंडोजचा काहीच दोष नव्हता.

त्या दिवशी पहिला अर्ज काकूंचा भरला. पावती हातात आली तेव्हा त्यांनी ती आधी कपाळाला लावली. शेवटची तारीख ३१ जुलै होती, ती पुढं ३ ऑगस्टपर्यंत वाढली. तोवर मशीन एकदाही थिजलं नाही.

आणि मग ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासून देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. फुलातलं सोयाबीन डोळ्यांदेखत करपलं. विम्याचा पैसा कुणाला किती आणि कधी मिळतो, ही वेगळी कथा. पण अर्जच गेला नसता तर मागायला दारसुद्धा उरलं नसतं.

मायबहिणींनो, आता घरोघरी असली यंत्रं आली आहेत. ती अडली की घाबरून पैसे मोजू नका. आधी लिहून ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानं आला ते कळत नाही. एकाच लक्षणामागं दोन आजारही असू शकतात. कुठलीही उघडझाप करण्याआधी कामाच्या कागदांची प्रत दुसरीकडं काढून घ्या. उघडायच्या आधी वायर काढा. पीठ-धूळ तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. पंप मारायचा असेल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. आतून टकटक आवाज येत असेल, तर ते हार्ड डिस्कचं दुखणं असू शकतं. मग उशीर न करता जाणत्याला दाखवा.

आता तो डबा जमिनीवर नाही, विटांच्या ओट्यावर असतो आणि गिरणीकडच्या दाराला जाड पडदा आहे. दर दोन महिन्यांनी लेकरू पीठ झाडतं आणि मी कॅलेंडरावर तारीख टाकते.

त्या दसऱ्याला मुकादम आला होता. ओसरीवर बसला, चहा घेतला, इकडच्या-तिकडच्या गोष्टी केल्या. यांनी उचलीचं नाव काढलं नाही. त्यानंही काढलं नाही.