श्रोता नसताना

व्याख्यात्यांच्या दोन जाती असतात. एक सभागृह भरेपर्यंत पडद्याआड खोळंबणारी. दुसरी समोरच्या सतरंजीवर चिटपाखरू नसले तरी घड्याळाच्या ठोक्याला सुरुवात करणारी. मान पहिलीला मिळतो. माझा जीव मात्र दुसरीवर आहे, आणि ही आवड मला माणसांनी नव्हे, बोटभर लांबीच्या एका हिरव्या बोर्डाने लावली.

२०२१ साली निघालेला हा रास्पबेरी पाय पिको. आपण काय करतो आहोत, हे त्याने कोणत्या तोंडाने सांगावे, ते त्याचा प्रोग्राम बांधतानाच ठरवावे लागते. बांधणीच्या फाइलीत त्यासाठी दोन ओळी लिहावयाच्या : एक यूएसबीची, एक यूआर्टची. पुढे १ लिहिला की ते तोंड उघडते, ० लिहिला की मिटते.

यूएसबी मोठी सोयीची. एकाच केबलीतून वीज जाते नि शब्द येतात. पण ही बाई मानी! पलीकडे संगणक असला तरच तिचे बोलणे पोचते. त्याची वाट किती पाहावी, हेही सांगता येते. तेथे उणे १ लिहिलात, तर तो येईपर्यंत प्रोग्राम उंबरा ओलांडीत नाही. शिवाय बोर्ड नव्याने सुरू झाला की संबंध तुटतो, आणि तो पुन्हा जुळेपर्यंतचे पहिले शब्द हरवतात. दुखणे पुष्कळदा त्याच शब्दांत असते.

यूआर्टला असला मान नाही. बोर्डाच्या पहिल्या दोन पिनांवर तिचे बिऱ्हाड. सेकंदाला १,१५,२०० बिट हा तिचा वेग. अक्षरामागे १० बिट धरले, तर ८० अक्षरांची ओळ ७ मिलिसेकंदांत संपते. ऐकणाऱ्याने वेग तोच धरावा, एवढीच अट.

मामांच्या विहिरीवरच्या पंपासाठी मी असा बोर्ड तयार करीत होतो. तयार यंत्राने गप्प राहावे, असा प्रघात. म्हणून दोन्हीकडे ० लिहावा की काय, या विचारात होतो. मामा म्हणाले, "अरे, बैलाचं दुखणं डोळ्यांत दिसतं. ह्याला डोळे कुठले? बोलू दे की त्याला!"

यूएसबीपुढे ० आणि यूआर्टपुढे १ लिहिला. आता तारेच्या टोकाला ओळी कार्डावर उतरवून घेणारा एक इवलासा लेखनिक बसला आहे. बोर्डाला त्याचा पत्ताही नाही. तो आपला मिनिटामिनिटाला पाण्याची पातळी सांगतो. उद्या लेखनिक उठून गेला, तरी त्याच्या बोलण्यात अक्षराचाही फरक पडणार नाही. दिवाळी अंकात लिहिणाऱ्या माणसाला त्याचा हेवा वाटला, तर नवल नाही.