अंधारातला शेजार

लपून खेळायच्या गेममध्ये ज्याला मारायचं असतं त्याच्याकडे आधी पुष्कळ वेळ बघत बसावं लागतं. धडाधड गोळ्या झाडायच्या गेममध्ये शत्रू म्हणजे लांबवर हलणारा ठिपका. दिसला, गोळी सुटली, पडला, पुढचा. स्टेल्थ प्रकारात मात्र सावलीत अंग चोरून बसायचं आणि पहारेकरी कुठून येतो, कुठे थबकतो, कुठल्या कोपऱ्यावर मागे वळून पाहतो, हे पाठ होईपर्यंत पाहायचं. पाहता पाहता तो ओळखीचा होतो. त्याला खोकला असतो. त्याला थंडी वाजत असते. सोबत्याजवळ तो काहीतरी कुरकुरतो आणि आपण ते भिंतीआडून ऐकतो. जिन्यात रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याकडेही आपण इतकं निरखून बघत नाही. आणि एवढी ओळख झाल्यावर एक बटण दाबायचं असतं.

त्या बटणापाशी माझं मन दर वेळी अडतं. म्हणून असा गेम विकत घ्यायचा का, हा प्रश्न माझ्यापुरता नुसत्या पैशांवर सुटत नाही. पैसेही थोडे नाहीत. २० मार्च २०२५ ला युबिसॉफ्टचा ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ आला. तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सत्तर डॉलर होती, आपल्याकडे चार हजारांच्या पुढे. इंजिनिअरिंगला असलेला भाचा सुट्टीत माझ्याकडेच असतो आणि आमच्या दोघांत कन्सोल एक. “मामा, या वेळी सेलची वाट बघू नकोस. जपान आहे, निंजा आहेत,” असा त्याचा धोशा. त्याच्या आईने फोनवर एवढंच विचारलं, “दादा, त्यात मुंडकी उडतात ना रे?”

उडतात. मी तिला तसंच सांगितलं.

असे गेम खेळून माणूस हिंसक होतो का, हा वाद माझ्या जन्मभर चालूच आहे, आणि माझी काळजी त्यातली नाही. आम्ही दोघं उद्या तलवारी घेऊन रस्त्यावर उतरणार नाही. मला चिंता आहे ती माझ्या लक्ष देण्याची. दिवसभर कशाकडेच धड न बघणारा मी रात्री एखाद्या खोट्या माणसाकडे जीव एकवटून बघतो, त्याच्या पावलांवर माझा श्वास बेततो. इतकं निर्मळ लक्ष मला दुसरीकडे कुठे साधत नाही. त्या लक्षाचं पुढे काय होतं, ते कुठे नेऊन संपवलं जातं, यावर गेमची खरी किंमत ठरते असं मला वाटतं.

लपायच्या गेमचा हा प्रकार रुजला त्यात लढणं न जमण्याचाही वाटा आहे. १९८७ मध्ये हिदेओ कोजिमा या तेवीस वर्षांच्या मुलाकडे एमएसएक्स-२ या संगणकासाठी युद्धाचा गेम करायचं काम आलं. त्या यंत्राची ताकद तोकडी. सैनिक आणि गोळ्या पडद्यावर एकदम पुरेशा दाखवता येईनात. तेव्हा त्याने खेळच उलटा फिरवला: लढू नका, दिसू नका, निसटा. तो ‘मेटल गिअर’. ज्यात गर्दी मावत नव्हती त्या पडद्यावर त्याने एकटेपणा आणला, आणि जपून टाकलेल्या पावलाला मोल आलं.

पुढे १९९८ मध्ये लुकिंग ग्लास या कंपनीचा ‘थीफ’ आला. माझ्या लेखी या घराण्यातला तो सर्वांत सुंदर गेम. पडद्याच्या तळाशी एक मणी असतो. आपण उजेडात आलो की तो उजळतो, अंधारात शिरलो की मावळतो. गालिच्यावरून चाललं तर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजतं, लोखंडी जाळीवर तर घात होतो. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची, शेवाळाचा बाण मारून वाट मऊ करायची. पहिल्याच हवेलीत दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींबद्दल गप्पा मारत उभे असतात. पूर्वीची अस्वलं कशी दमदार असायची, हल्ली ती मजा राहिली नाही, वगैरे. त्यांचं बोलणं संपेपर्यंत आपण जागचे हलत नाही, आणि त्यातल्या एकाला मारायची इच्छाच उरत नाही. गेमची सर्वांत अवघड पातळी निवडली तर ती सोयही उरत नाही: तिथे माणूस मारला की मोहीम फसली. कसबी चोराला रक्त सांडावं लागत नाही, एवढं सांगायला त्या गेमने एकही प्रवचन दिलं नाही, नुसता नियम केला.

लहानपणी लपाछपीत ज्याच्यावर राज्य असायचं त्याच्या मागून पाय न वाजवता जाऊन पाठीत धप्पा द्यायचा, त्यातला थरार मला ‘थीफ’मध्ये पुन्हा सापडला. धप्पा बसलेला मुलगा चिडायचा, त्याला पुन्हा राज्य घ्यावं लागायचं, पण खेळ पुढे चालू राहायचा. त्याच्याशिवाय खेळ नव्हताच.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला २००३ चा रॉकस्टारचा ‘मॅनहंट’. तोही लपण्याचाच गेम, अंधार तोच, दबा धरणं तेच. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला कोणीतरी खून करायला लावतो आणि ते कॅमेऱ्यात टिपतो. बटण जितका वेळ दाबून धराल तितकी निशाणाची खूण पांढरी, मग पिवळी, मग लाल होत जाते आणि खून तितका क्रूर होतो. न्यूझीलंडने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यावर बंदी घातली. रक्त इतरत्रही असतं, मला त्याहून भयंकर वाटते ती त्यातली धीराची विटंबना. माणसाच्या पाठीशी श्वास रोखून उभं राहण्याचा प्रत्येक क्षण तिथे त्याच्या यातनेत मोजून मिळतो. तो गेम मला फुकट मिळाला तरी घरात नको.

या दोन टोकांच्या मधली वाट सगळ्यांत अवघड, आणि अर्केनच्या ‘डिसऑनर्ड’ने २०१२ मध्ये ती धरली. डनवॉल नावाचं शहर उंदरांनी आणलेल्या रोगाने पोखरलं आहे. आपण जितके मुडदे पाडू तितके उंदीर वाढतात, शहर काळवंडत जातं, कथेचा शेवटही काळोखा होतो. एकालाही न मारता तो गेम पुरा करता येतो. मी तसाच केला. पण तिथे एक जागा मला फार दिवस छळत राहिली. मेजवानीतल्या एका उमराव स्त्रीला मारायचं नसेल तर तिला बेशुद्ध करून, तिच्यामागे वेड्यासारख्या लागलेल्या एका माणसाच्या होडीत नेऊन ठेवायचं. तो तिला कायमचा घेऊन जातो. रक्ताचा थेंब सांडत नाही, हिशोबात आपण निर्दोष, आणि तरी सुरी बरी होती असं वाटतं. तेव्हापासून गेमच्या डब्यावर रक्त किती आहे हे मी पहिल्यांदा बघत नाही. ज्याला निरखायला लावलं त्याच्याविषयी गेमला पुढे काही वाटतं का, ते आधी बघतो.

‘शॅडोज’ मी एका मित्राकडे खेळून पाहिला. काळ १५७९ पासूनचा, ओदा नोबुनागा या सरदाराच्या जपानचा. नाओए ही इगा प्रांतातली शिनोबी, म्हणजे निंजा, मुलगी, गेमने कल्पिलेली; यासुके हा आफ्रिकी योद्धा मात्र इतिहासातला. १५८१ मध्ये नोबुनागाच्या फौजांनी इगा बेचिराख केलं, ते खरंच घडलेलं. नाओएचं सूड घेणं तिथून सुरू होतं. या मुलीच्या हातात लपणं इतकं देखणं झालंय की काही वेळ मी मोहीम विसरून नुसता बसून राहिलो. कंदील फुंकर घातल्यासारखा विझतो आणि अंधाराचा तुकडा अंगावर पांघरता येतो. जमिनीवर सपाट पडून गवतातून सरपटता येतं. ऋतू बदलतात आणि त्यांच्याबरोबर लपायच्या जागाही. उन्हाळ्यात ज्या झुडपाने झाकलं ते हिवाळ्यात उघडं पडतं. ज्या तळ्यात बुडी मारून राहिलो ते गोठून जातं. छपराच्या कडेचा बर्फाचा सुळका आपल्या धक्क्याने तुटून खाली पडला की अंगणातला पहारेकरी मान वर करतो.

आणि मग ते बटण. इथे रक्त भरपूर आहे, कधी कधी गरजेपेक्षा खूपच. जपानमध्ये विकलेल्या प्रतीत अवयव आणि मुंडकी तुटत नाहीत. इतरत्र ते दिसावं की नाही हे खेळणाऱ्याने सेटिंगमध्ये ठरवायचं. गेममधल्या देवळातली मोडतोड पाहून जपानी लोक दुखावले, जपानच्या संसदेत पंतप्रधानांपर्यंत प्रश्न गेला. विक्री सुरू झाली त्याच दिवशी कंपनीने दुरुस्ती पाठवली: देवळातली चौरंगासारखी बैठी मेजं आता फुटत नाहीत, आणि निःशस्त्र माणसावर वार केला तर रक्त येत नाही. या शेवटच्या बदलाने मला अस्वस्थ केलं. रक्त पुसलं, वार तसाच राहिला. ‘थीफ’ने असं केलं नसतं, त्याने हातच धरला असता.

इगाच्या खऱ्या शिनोबींची विद्या १६७६ मध्ये ‘बानसेनशूकाई’ या ग्रंथात गोळा केली गेली, तीही एका फुजिबायाशीकडून. नाओए त्याच आडनावाची लेक म्हणून रंगवली आहे. त्या ग्रंथात आत शिरण्याच्या, आग लावण्याच्या युक्त्या आहेतच, पण सुरुवातीची प्रकरणं मनाच्या शुद्धतेवर आहेत. मन चांगलं नसेल तर ही विद्या चोरीच्या वाटेला जाते, असा त्यांचा रोख आहे. शिनोबीचं मुख्य काम बातमी आणणं. बघायचं, लक्षात ठेवायचं, जिवंत परतायचं. गेममधल्या नाओएला याच कामाच्या मोहिमा अधिक द्यायला हव्या होत्या.

यासुकेविषयी मात्र मला कंपनीच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं. काळा माणूस सामुराई कसा, म्हणून गेमवर केवढी आग ओकली गेली. अलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन जेझुइट १५७४ मध्ये गोव्याला उतरला आणि तिथून पुढे १५७९ मध्ये जपानला पोचला, तेव्हा यासुके त्याच्या सोबत होता. त्याचा रंग खरा की शाई फासलेली, हे बघायला नोबुनागाने त्याला घासून धुवायला लावलं, आणि मग आपल्या पदरी ठेवलं. त्याच सुमारास इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा दख्खनमध्ये आला होता. पुढे तो निजामशाहीचा कर्ताकरविता मलिक अंबर झाला आणि त्याने खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. हा इतिहास शाळेत वाचलेल्या आम्हाला चिलखतातला हबशी परका वाटू नये. एका समुद्राच्या वाटांनी ही माणसं कुठे कुठे नेऊन टाकली गेली, आणि कुठे कुठे उभी राहिली! १५८२ मध्ये होन्नोजी देवळात नोबुनागाचा अंत झाला, तेव्हा त्याला घेरणाऱ्या अकेची मित्सुहिदेने यासुकेला जनावर म्हणून जिवंत सोडलं. एवढा अपमान झेललेल्या माणसाला कोणीतरी कथेचा नायक करावं, हे मला योग्य वाटतं.

घ्यायचा की नाही, हे अखेर ठरलं ते एका लहानशा गोष्टीने. या गेममध्ये चित्रं काढता येतात. शाईची, सुमी-ए नावाची. रानात हरिण किंवा बगळा दिसला की वाकून, गवताचा आडोसा घेत, पाऊल न वाजवता जवळ जायचं. तो बुजला तर संपलं. नाही बुजला तर बटण दाबायचं आणि कागदावर त्याची आकृती उतरते. किल्ल्यात पहारेकऱ्यामागे जाताना जे कसब लागतं तेच, तसूभरही वेगळं नाही. आणि शेवटी तो प्राणी आपल्या वाटेने निघून जातो. ज्या कारागिरांना हे सुचलं त्यांना लक्ष देण्याची किंमत कळलेली आहे, मग बाकीच्या ठिकाणी त्यांनी ती कितीही स्वस्त केलेली असो.

तेव्हा घेणार आहे, आणि सेलची वाट न बघता. तोडातोडीचं चित्र पहिल्या दिवशीच बंद करायचं आणि बहिणीची धाकटी इथे असेल तेव्हा कन्सोलला हात लावायचा नाही, हे भाच्याला बजावलं. त्याने दोन्ही मान्य केलं. फक्त नाओएवरून भांडला. मी तिलाच घेऊन खेळणार म्हटल्यावर म्हणाला, “मामा, तू त्यांना लपून मारणार. यासुके दरवाजा फोडून समोरून येतो, समोरच्याला तलवार काढायला वेळ तरी देतो. मग जास्त क्रूर कोण?” मला ते खोडता आलं नाही. आवाज न करता निघून जाणं वेगळं, असं मी म्हणू लागलो, पण नाओएच्या वाटेवरही माणसं मरतातच. मग ठरलं ते असं, की प्रत्येक किल्ल्यात आधी मी शिरायचं, कमीत कमी माणसांना हात लावून. आणि जिथे माझा धीर सुटेल आणि घंटा वाजेल, तिथून पुढे कंट्रोलर त्याच्याकडे.