खालच्या गटाचा मोह

कारंजा, जि. वाशीम
चैत्र वद्य पंचमी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. कुस्तीच्या निवड चाचणीसाठी खालच्या वजनी गटात नाव घातले असून, वर भरणारे तीन किलो दोन दिवस पाण्यावाचून राहून आणि भर उन्हात स्वेटर घालून धावून उतरवण्याचा तुझा निश्चय वाचला. तुझ्या जिद्दीविषयी मला संदेह नाही. मात्र हा मार्ग मला सर्वथा नामंजूर आहे.

लिटरभर पाण्याचे वजन एक किलो. तेव्हा दोन दिवसांत उतरते ती बहुतांशी चरबी नव्हे, तर शरीराचा जलांश. आणि तुझ्यासारख्या 50 किलोच्या मुलाच्या अंगातून एक लिटर जरी उणा झाला, तरी रक्ताचे आकारमान घटून नाडी धावू लागते, दम लवकर तुटतो, आणि तूट वाढत गेली म्हणजे घामही मंदावून, आपल्या वाशीमकडच्या चैत्र-वैशाखात जो उष्माघात नांगरणाऱ्या गड्यालाही सोडत नाही, तो आखाड्यातल्या पोराला गाठतो. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरवताना प्राणास मुकले, तेव्हा कोठे तेथील नियामकांनी रबरी पोशाख व बाष्पस्नान यांस मनाई करून, आठवड्यास शरीराच्या दीड टक्क्याहून अधिक वजन घटवू नये, असा जाबता घालून दिला. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाटने रात्रभर घाम गाळला, केसही कापले. तरी 50 किलोच्या गटात 100 ग्रॅम अधिक भरल्याने अंतिम लढत हुकली ती हुकलीच.

खाशाबा जाधवांचा दाखला वस्ताद मंडळी उठल्यासुटल्या देतात, पण अर्धाच देतात. 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते त्याच्या वरच्या, 57 किलोच्या बँटमवेट गटात. तुझे तर हे उंची वाढण्याचे वय. वाढत्या हाडांना जुन्या आकड्याची सक्ती कशासाठी?

म्हणून वरच्या गटात नाव बदलून घे. तालमीपूर्वी व नंतर वजन करून वहीत मांडत जा. जितके किलो उतरले असेल त्याच्या सुमारे दीडपट लिटर पेय पुढच्या काही तासांत थोडेथोडे घे, आणि त्यात मीठ घातलेले ताक वा लिंबू-सरबत असू दे, कारण घामावाटे मीठही जाते व नुसते पाणी ढोसल्याने रक्तातील क्षार आणखी पातळ होतात. सकाळची लघवी गर्द पिवळी दिसली, तर त्या दिवशी मेहनत आवरती घे. भाकर, तुरीचे वरण, दूध यांत काटकसर नको. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या कोणी देऊ केल्या, तर त्या प्रतिबंधित औषधांत मोडतात एवढे ऐकवून परत कर.

तुमच्या वस्तादांस मी स्वतंत्र पत्र लिहीत आहे. ते रागावले तर माझे नाव सांग. नाव बदलण्याची मुदत कधी संपते, ते उलट टपाली कळव.

तुझा,
काका