कडू, पण कसं कडू?

मंडळाच्या स्मरणिकेत उकडीच्या मोदकांशेजारी बीअरवरचा लेख! संपादकांनी छापलाच असेल तर त्यांच्या धाडसाला दाद द्या. घरी भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर हे पान जरा दुमडून ठेवा.

आमच्या घरात हा विषयच वर्ज्य होता. माझे धाकटे काका दारूपायी बेचाळिसाव्या वर्षी गेले. एसटी स्टँडमागच्या परमिट रूमच्या काळ्या काचा आणि आतला मिणमिणता लाल दिवा, एवढंच दारूचं रूप मला लहानपणी ठाऊक. काकांना बोलवायला आजी मला पाठवायची आणि मी दारातूनच हाक मारायचो. पुढे कॅलिफोर्नियात सत्तावीस वर्षं ऑफिसच्या प्रत्येक पार्टीत मी संत्र्याचा रस हातात धरून उभा राहिलो.

गेल्या थँक्सगिव्हिंगला आमचे चिरंजीव (वय २६, मराठी समजतं, बोलतात सवडीने) सहा बाटल्यांचा खोका घेऊन आले. चिको गावच्या सिएरा नेव्हाडा ब्रुअरीची ‘टॉर्पेडो’, म्हणजे आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. “बाबा, यात इंडिया आहे. तू टेस्ट करून सांग ना.” मी हो म्हटलं, पण अट घातली. जेवणाच्या टेबलावर, आईच्या समोर, आणि एक बाटली तिघांत.

ही इंडिया नावात कुठून आली? गोष्ट अशी सांगतात की, हॉजसन नावाच्या लंडनच्या माणसाने हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी मुद्दाम जास्त हॉप्स घालून ही बीअर शोधून काढली. मार्टिन कॉर्नेल या बीअरच्या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं धुंडाळून ही गोष्ट खोडून काढली. हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होती, म्हणून तिथला माल जहाजांवर चढला, इतकंच. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने पिंपं हिंदकळत मुंबई-कलकत्त्याला पोचायची आणि आतली बीअर मुरून उलट चांगली लागायची. साधे शिपाई मात्र काळी पोर्टरच पीत. पेल एल साहेबलोकांची. म्हणजे इथेही वर्णव्यवस्था होतीच!

आताची अमेरिकन आयपीए ही तिची नात म्हणावी. १९७२ साली कॅस्केड नावाचे हॉप्स बाजारात आले आणि त्या वासाने इथल्या छोट्या ब्रुअऱ्यांना वेड लावलं. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी बोंडं. ती भांगेच्याच कुळातली, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी खुर्ची मागे सरकवली. बोंडं उकळली की कडवटपणा उतरतो. आंबवण झाल्यावर थंड बीअरमध्ये ठेवली की नुसता सुगंध. या ब्रुअरीत त्यासाठी स्टीलचं एक नळकांडं आहे, त्याचंच नाव टॉर्पेडो.

चिरंजीवांनी आधी बाटलीवरची तारीख पाहिली. हॉप्सचा वास महिन्या-दोन महिन्यांत उतरू लागतो. पणजी सहा महिने समुद्रात मुरायची आणि नातीला ताजीच प्यावी लागते! मग बाटली फ्रीजबाहेर दहा मिनिटं ठेवली, कारण फार गार असली की नाक काही सांगत नाही. ग्लासात रंग आला पातळ काकवीसारखा, वर दोन बोटं फेस.

“काय वास येतो?” त्याच्या फोनवर इंग्रजी शब्दांची यादी होती, त्यातला एकही मला लागू पडेना. मी डोळे मिटून म्हटलं, “पपनसाची साल. आणि देवळात जळणारी राळ.” सौभाग्यवती पिणार नव्हत्या, पण त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि एका क्षणात निकाल दिला: “मेथीची जुडी निवडताना येतो तो वास.” चिरंजीवांनी पुन्हा हुंगलं आणि यादी बंद केली.

चव? आधी किंचित भाजलेल्या पावासारखी गोडी, मग जिभेच्या मागे कडू. कारल्याचं कडू वेगळं, पाडव्याच्या कडुनिंबाचं वेगळं. हे संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचं. कडवटपणा मोजायचं एकक असतं, आयबीयू. साध्या अमेरिकन लागरला दहाच्या आसपास, हिला ६५. वासाला मी दहापैकी आठ दिले, चवीला सहा. आणि एक गुण कापला. हिच्यात अल्कोहोल ७.२ टक्के आहे, नेहमीच्या बीअरच्या जवळजवळ दीडपट, आणि तो सुगंध ते बेमालूम झाकतो. चिरंजीव म्हणाले, टेस्टिंगमध्ये असा गुण नसतो. मी म्हटलं, माझ्यात असतो.

माझ्या ग्लासात दोन बोटं उरली होती. ती मी उठून सिंकमध्ये ओतली. “आवडली नाही?”

“आवडली,” मी म्हणालो. काकांबद्दल त्याच्याशी मी आजवर कधी बोललो नव्हतो. त्यांचा पेटीवरचा हात, हिशोबातली हुशारी, मग त्या काळ्या काचा, माझी दारातली हाक, सगळं सांगितलं. बाकीच्या बाटल्या खोक्यातच राहिल्या. रात्री साडेबारापर्यंत तो विचारत होता, आणि सौभाग्यवतींनी आतून जुना अल्बम आणला.