मधे सातपुडा

सीमेवरचं खेतिया मागे पडलं की पाट्या बदलतात. लिपी तीच, पण ‘धीरे चलें’च्या जागी ‘वाहने सावकाश चालवा’ येतं. लाल एसटी धुरळा उडवत जाते. नर्मदेच्या परिक्रमेत माणसं ‘मूर्ती’ या हिशेबाने मोजतात. आश्रमात पहिला प्रश्न ‘कितने मूर्ति?’ हाच. इथे टपरीवाला विचारतो, ‘किती जण आहात, महाराज?’ महाराष्ट्रात शिरलं की मूर्तीचा पुन्हा माणूस होतो.

ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने निघालेल्या बऱ्याच परिक्रमावासींची ही वाट. १३१२ किलोमीटरची नदी, ती ओलांडायची नाही आणि सतत उजव्या हाताला ठेवायची. सरदार सरोवराचा जलाशय २०१९ साली पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. काठाची बरीच जुनी वाट त्याआधीच पाण्याखाली गेली होती. शूलपाणीच्या झाडीतून डोंगरवाटांनी जाणारे आजही आहेत. बाकीचे बडवानीकडून निवाली, पानसेमल, खेतिया, शहादा, प्रकाशा असा डांबरी फेरा घेतात. या दिवसांत मैया दिसत नाही. ती उजवीकडेच असते, पण मधे अख्खा सातपुडा. इथल्या ओढ्यांचं पाणीसुद्धा तिच्याकडे जात नाही, तापीला मिळतं.

परिक्रमेवरची पुस्तकं वाचून घर सोडणाऱ्या मराठी माणसाच्या डोक्यात झाडी असते, वाटेत लंगोटीपर्यंत लुटणारे ‘मामा’ असतात, घाट असतात. डांबर नसतं.

डांबर पायाला वेगळंच शिकवतं. रस्ता मधे उंच, कडेला उतरता. वाहनं समोरून दिसावीत म्हणून उजव्या कडेने चालायचं (मैयाचीही बाजू तीच, एवढीच काय ती सोय!), म्हणजे उजवं पाऊल दिवसभर बोटभर खाली पडतं. दुपारपर्यंत उजवा घोटा कुरकुरायला लागतो, डाव्या टाचेला फोड येतो. पाऊलवाटेवर प्रत्येक पाऊल निराळं पडतं. इथे हजारो पावलं एकाच जागी घासतात. त्यात हा उसाचा मुलूख आणि हिवाळा म्हणजे गाळपाचे दिवस. उसाच्या ट्रॉल्या डुलत येतात, तेव्हा पांढरी रेघ सोडून मातीत उतरावं लागतं. तिथे खडी, काटे, क्वचित ट्रॉलीतून निसटलेलं उसाचं कांडं. ते उचलून दाताने सोलत पुढचा मैल निघतो.

शहाद्यात झोळी भरायची. आजवर सदाव्रतावर भागलं होतं: पीठ, डाळ, मीठ, मिरची, संध्याकाळी पुरेल एवढा शिधा, टिक्कड आपणच भाजायचे. उद्यासाठी साठवू नये, हा जुना दंडक. पण या बाजूला आश्रम विरळ, म्हणून किराणा दुकानाची पायरी चढावी लागते आणि खरी परीक्षा तिथे होते. पाव किलो शेंगदाणे घ्यावेत की अर्धा? गुळाचा खडा केवढा? साबणाची अख्खी वडी कशाला, अर्धी मिळेल का? दुकानदार हसून सुरीने वडी कापून देतो. चहा पावडर, वाती, चिकटपट्टी, सुती मोज्यांचा एक जोड. कुपीतल्या नर्मदाजलाची रोज पूजा व्हायची, म्हणून उदबत्तीचा पुडा. राजगिऱ्याचे लाडू हातात घेऊन परत ठेवले जातात, मग पुन्हा घेतले जातात. पैशांबाबत बरेचदा वाद होतो. दुकानदार म्हणतो, ‘राहू द्या, मैयाला आमचा नमस्कार सांगा.’ घेणाऱ्याचं ओझं जिनसांच्या वजनापेक्षा थोडं जास्तच वाढतं.

मग जमाखर्च उलटा. एक जाड स्वेटर, दोन वाचून झालेली पुस्तकं, न वापरलेला टॉर्च यांचं गाठोडं पोस्टातून घरी जातं. महिन्यापूर्वी यातली प्रत्येक वस्तू ‘लागेलच’ म्हणून घेतली होती. घरचे पार्सल फोडतात तेव्हा त्यांना वाटतं, गडी परत येतोय.

पुढे प्रकाशा. तापीकाठी केदारेश्वराचं देऊळ, तिथे आसन लावायचं. ज्या नदीसाठी घर सोडलं ती डोंगरापलीकडे, आणि पाय धुवायचे दुसऱ्याच नदीत. तापीला याचं काही वाटत असेलसं दिसत नाही.

या रस्त्याने गाडी नेणाऱ्यांना एकच विनंती. पांढऱ्या कपड्यांतला, हातात दंड-कमंडलू घेतलेला कुणी रस्त्याच्या कडेने येताना दिसला, तर ‘नर्मदे हर’ म्हणा किंवा नका म्हणू. कडेची पांढरी रेघ तेवढी त्याला सोडा.